कृपाभिलाषी

मागच्या महिन्यात नायगावच्या आपल्या विहारात पोरांचे नोकरीचे अर्ज तपासायला बसलो होतो. बीकॉम झालेला एक पोरगा, कागद नीट, मार्क नीट. सगळं दाखवून झालं तरी उठेना. मग हळूच म्हणाला, “काका, आडनाव लिहू का? का नुसतं माझं नि बापाचं नाव टाकू?”

मी म्हटलं, का रे?

“नाय, आडनाव लावलं की फोन येत नाय. मित्रानं दोन्ही करून बघितलं.”

दोस्तांनो, हा प्रश्न त्या एका पोराचा नाही. आपण मोर्च्यांचा इतिहास लिहिला, सत्याग्रहांचा लिहिला, दंगलींचाही लिहिला. लिहायलाच हवा होता. पण आपल्या अर्जांचा इतिहास आपण लिहिला नाही. अर्ज ही लाचारीची गोष्ट, तिचा कसला इतिहास, असं आपल्याला वाटतं. अर्जाच्या तळाशी ‘आपला कृपाभिलाषी’ लिहायचं असतं, आणि कृपा मागणाऱ्याचा पोवाडा कोण गाणार? तरीही माझं म्हणणं असं की आपल्या चळवळीची सुरुवातच अर्जानं झाली. नोकरीच्या अर्जानं.

१

१८१८ साली कोरेगावला आपली माणसं लढली, हे आपण दर वर्षी १ जानेवारीला सांगतो. पुढचं सांगत नाही. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारनं महारांची लष्करातली भरती बंद केली. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या, याची नवी विद्या साहेबांना सुचली होती. ज्यांच्या बापजाद्यांची नावं विजयस्तंभावर कोरलेली, त्यांना भरतीच्या टेबलावरून परत पाठवू लागले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पलटण म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीत शाळा होती. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकले, शिकवू लागले, आणि म्हणून त्यांच्या घरात पुस्तक आलं. त्या घरात १८९१ साली बाबासाहेब जन्मले. त्यानंतर एक-दोन वर्षांतच ते दार बंद झालं. दार दहा वर्षं आधी बंद झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

त्या बंद दारावर पहिली थाप मारली गोपाळबाबा वलंगकरांनी. स्वतः लष्करातले पेन्शनर. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. मग पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. १९१० साली दक्खनच्या महारांच्या परिषदेतून थेट विलायतेला, भारतमंत्र्याकडे अर्ज गेला. मागणी काय? लष्कर, पोलीस आणि सरकारी खात्यातल्या खालच्या जागा आम्हालाही मिळाव्यात. वरच्या सुद्धा नव्हेत, खालच्या!

आज हे वाचताना आपल्यातल्या काही जहाल मित्रांना हसू येतं. म्हणतात, काय ही नम्रता. मी म्हणतो, थांबा. गावकीची कामं जन्मानं अंगावर पडत होती, त्यासाठी अर्ज लागत नव्हता. मेलेलं ढोर ओढायला कुणी मुलाखत घेतली नाही. अर्ज करणं म्हणजे म्हणणं की मी हे काम निवडतो, मला तपासा, मी लायक आहे. ज्याला जातीनं काम नेमून दिलं त्यानं कामासाठी अर्ज करणं, हेच पहिलं बंड.

भरती उघडली ती पहिल्या महायुद्धात, साहेबाला माणसं कमी पडली तेव्हा. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. गरज सरो नि वैद्य मरो. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, पुन्हा महायुद्धातच.

२

पलटण बंद झाली तसा माणूस मुंबईकडे वळला. रत्नागिरी, सातारा, नगर, पुणे, जिथून वाट मिळेल तिथून. ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली होती. पुढे लालबाग, परळ, शिवडी, वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली.

गिरणीत अर्ज नव्हता. जॉबर होता.

माझे वडील रिंगखात्यात होते. ते सांगायचे, पहाटे गेटवर उभं राहायचं. जॉबर येणार, आज कोण गैरहजर ते बघणार, बोट करणार. तू ये, तू ये. ज्याच्याकडं बोट नाही तो घरी. बोट कुणाकडं वळायचं? जॉबरच्या गावच्याकडं, भावकीकडं, जातीच्याकडं आणि दस्तुरी देणाऱ्याकडं. मालकाला माणसं मिळत होती, ती कशी मिळतात याच्याशी त्याला घेणं नव्हतं. गिरणी विलायती, यंत्र लँकेशायरचं, पण गेटवर गाव उभं होतं. गावकूस उचलून आणून भोंग्याखाली ठेवलेलं.

आत गेल्यावर दुसरं गेट. आपली माणसं रिंगखात्यात, झाडलोटीला, ओझं वाहायला चालत. साळखात्यात, म्हणजे विणकामाला, चालत नसत. विणकर हा गिरणीतला चांगल्या मिळकतीचा कामगार. आणि कारण काय? तर धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. धोटा एकाच्या तोंडचा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. मग महाराच्या थुंकीनं मराठा विणकर बाटणार!

बघा, किती बारीक भोक. सुताचं टोक जाईल एवढंच. त्या भोकानं हजारो माणसांचा पगार पन्नास-साठ वर्षं अडवून धरला.

आणि हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. गिरणीच्या कुठल्या पाटीवर ‘अस्पृश्यांस साळखात्यात मनाई’ असं नव्हतं. विचारलं तर मालक म्हणे, आमची हरकत नाही, कामगारच ऐकत नाहीत. कामगार म्हणे, जॉबर ठरवतो. जॉबर म्हणे, वरून सांगितलेलं नाही. सगळेच निर्दोष. भरतीतली जात ही अशीच असते, तिचा बाप कुणी होत नाही.

त्याआधी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला होता. रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. मोठं काम. त्या रविवारवर आपण सगळे जगलो. पण ते मागणं गेटच्या आत पोचलेल्याचं होतं. कोण आत येणार नि कुठल्या खात्यात जाणार, हे तिथं नव्हतं.

३

ते मागणं प्रथम ठणकावून मांडलं १९२८ साली.

एप्रिल १९२८ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सहा महिने चालला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्यातच उभी राहिली. मागण्यांची यादी झाली. बाबासाहेबांनी विचारलं, या यादीत आमच्या माणसाला साळखात्यात घ्या, सगळ्या खात्यांत काम करू द्या, ही मागणी कुठं आहे? ती घातली नाही तर अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहायला सांगावं लागेल, असं बजावलं. पुढाऱ्यांनी नाखुशीनंच मागणी घातली. आणि मालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही!

मालकाला हे बोलायची सोय कुणी करून दिली? कामगारानंच. वर्ग म्हणून एक व्हा, हे सांगणाऱ्यांनी धोट्याचं भोक बघितलं नव्हतं, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आजही आपल्या डाव्या मित्रांशी बोलताना ही गोष्ट शांतपणे सांगा. भांडण म्हणून सांगू नका. १९३८ साली औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप बाबासाहेबांनी कम्युनिस्टांच्या बरोबरीनं केला, हेही त्याच दमात सांगा. पण सांगा.

त्याच १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपल्या भिंतींवर असतं. पण त्या भाषणात त्यांनी भरतीचा हिशेबही मांडला होता. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो नि गँगमन म्हणूनच मरतो. साधा पोर्टरसुद्धा होत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो, आणि अस्पृश्य त्याच्या घरात कसा चालेल? नोकरी सरकारी, अट स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराची. घोषणेच्या मागं असा बारीक तपशील असतो, तो आपण विसरतो.

आणि बाबासाहेबांची स्वतःची नोकरी? १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. कोलंबियात, लंडनला शिकलेला माणूस. तरी मुंबईच्या माजी गव्हर्नरांशी असलेली ओळख कामी आली, असं चरित्रकार नोंदवतात. जागा मिळाल्यावरही स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होतीच. एवढ्या विद्वानाला शिफारस लागली, तर रिंगखात्यातल्या बदलीवाल्याची काय कथा!

४

जॉबरशाहीवर पहिला सरकारी घाव बसला १९३१ साली. व्हिटले साहेबाच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला. भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा, लेबर ऑफिसर नेमा, असं त्यात होतं. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कार्डाची पद्धत आली. ठरावीक माणसांना कार्ड, रोज सकाळी त्यांनीच हजर व्हायचं, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. कागद आला. नाव कागदावर आलं की जॉबरच्या बोटाची ताकद थोडी कमी होते. थोडीच. कारण कार्ड कुणाला द्यायचं हे सांगायला जॉबर होताच.

मग बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी गव्हर्नर जनरलला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. म्हणजे अर्जच. फक्त यात कृपा मागितलेली नव्हती. वाटा मागितला होता. १९४३ च्या ऑगस्टात केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ साली ते साडेबारा झाले. पुढे घटनेत कलमं आली, १९७० साली टक्का पंधरावर गेला.

वलंगकरांच्या अर्जापासून त्या हुकुमापर्यंत ४९ वर्षं. एक आख्खं आयुष्य. हे आकडे तोंडपाठ करा. कुणी ‘तुम्हाला फुकट मिळतं’ म्हणालं की त्याला हे साल सांगा.

५

आता माझ्या अर्जाची गोष्ट. ती सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

युद्ध संपताना, १९४५ साली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली, आधी सुटून आलेल्या सैनिकांसाठी, मग सगळ्यांसाठी. १९५९ साली कायदा झाला की सरकारी आणि मोठ्या खाजगी मालकांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. आमच्या पिढीनं त्या कार्डावर जीव लावला. दर ठरावीक काळानं नूतनीकरण, लांबच लांब रांग, खिशात घडी पडून फाटलेलं कार्ड. पण कायद्यात गंमत होती. जागा कळवायची सक्ती होती, कळवलेल्यांतून माणूस घ्यायची नव्हती. म्हणजे लग्नाची पत्रिका छापायची, पंगतीत बसवायचं बंधन नाही.

मी १९५७ चा. धर्मांतरानंतरच्या वर्षातला. आमच्या घरात देव्हारा मी बघितलाच नाही. जन्मलो तोच बौद्ध. १९७८ साली एका केंद्रीय कार्यालयाच्या जागेसाठी फॉर्म आणला. रकाना होता: धर्म, जात. मी लिहिलं, बौद्ध. खिडकीवरचा कारकून म्हणाला, “मग ओपनमधून भरा. राखीव पायजे तर हिंदू लिवा.”

तो खोटं बोलत नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच हवा होता, पुढे १९५६ ला त्यात शीख आले. बौद्ध झालात की जात संपली, असं दिल्लीचं म्हणणं. वाळीत टाकणाऱ्या गावाला हे कुणी कळवलं नव्हतं! महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं राज्यातल्या सवलती बौद्धांना दिल्या. पण केंद्राचं दार १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत बंद होतं. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं. त्या चौतीस वर्षांत आपल्या किती पोरांनी खिडकीवर उभं राहून बुद्ध खोडला असेल?

मी खोडला. आईनं विचारलं, फॉर्म भरला का? म्हटलं, भरला. काय भरलं ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न आला, “वडील काय करतात?” दुसरा, “गाव कुठलं?” कामाचा प्रश्न चौथा होता. नोकरी लागली. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील घरी बसले ते कायमचे. पुढं माझ्या त्या पगारावर नऊ माणसं जगली. मी खोडलं नसतं तर ती नऊ माणसं कशावर जगली असती, याचं उत्तर मला देता येत नाही. खोडल्याचं समर्थनही करता येत नाही.

१९९० नंतर सर्व्हिस बुकात दुरुस्ती करा म्हणून अर्ज दिला. खाली सवयीनं लिहिलं, आपला कृपाभिलाषी. पोच मिळाली. दुरुस्ती झाली नाही. ज्या घरात देव नव्हता त्या घरातला माणूस कागदावर हिंदू म्हणून रिटायर झाला.

६

आता त्या पोराच्या आडनावाकडे येतो.

मित्रानं दोन्ही करून बघितलं, असं तो म्हणाला. हेच सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी शास्त्रशुद्ध करून बघितलं. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त नावं वेगळी. एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुसलमान. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. माणूस बघितला नव्हता. नुसतं नाव वाचलं होतं.

धोट्याला निदान थुंकीचं निमित्त तरी होतं. इथं कागदच बाटला!

म्हणून ‘आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो’ असं म्हणणाऱ्या मालकाला आपण विचारलं पाहिजे, कधी मोजलंत का? बहुतेक माणसं भरतात ती ओळखीतून. “आपल्यातला कुणी चांगला मुलगा असला तर सांगा.” हा ‘आपल्यातला’ म्हणजेच जॉबर. जिथं गिरण्या होत्या तिथं आता काचेच्या इमारती आहेत. आत कोण बसतं, आणि दारावर गणवेश घालून, संडास पुसायला, कंत्राटदाराच्या हजेरीवर कोण उभं असतं, ते लोअर परळला सकाळी आठला जाऊन बघा. जॉबरचं नाव तेवढं बदललं.

आणि एक खातं असं की तिथं आपल्याला कधी कुणी अपात्र ठरवलं नाही. सफाई. तिथं लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसाहक्कानं जागा मिळते. बापाचा झाडू पोराला. त्या घरांना तो आधार आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. पण ज्या देशात आपल्याला वारसा म्हणून फक्त झाडूच बिनशर्त मिळतो, त्या देशाच्या गुणवत्तेची चर्चा आपण खाली मान घालून ऐकायची नाही.

७

मग करायचं काय? घोषणा देऊन झाल्यावर विहारात परत या आणि हे करा.

अर्ज लिहायला शिकवा. आपली पोरं हुशार असतात, अर्ज वाईट असतात, कारण घरात आधी कुणी लिहिलेला नसतो. जाहिरातीत काय मागितलंय ते एकेक ओळ घेऊन, त्या ओळीला आपलं उत्तर काय ते लिहा. रात्रशाळेत शिकताना दिवसा दुकानात हिशेब ठेवला, वसतिगृहाची मेस चालवली, जयंतीच्या वर्गणीचा चोख जमाखर्च मांडला, हा अनुभवच आहे. आपण तो लिहीत नाही, कारण ते काम म्हणजे काम नाही असं आपल्याला शिकवलंय. प्रत्येक अर्जाची प्रत ठेवा, पोच घ्या, आवक क्रमांक टिपून घ्या. विहारात एक वही करा: कुठं अर्ज केला, बोलावणं आलं का, मुलाखतीत काय विचारलं. शंभर नोंदी झाल्या की ती रडकथा राहत नाही, पुरावा होतो.

सरकारी भरती असेल तर बिंदुनामावली मागा, अनुशेष विचारा. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला की किती जणांना बोलावलं, कुठल्या कसोटीवर नापास केलं, ते लेखी मागा.

आणि मालकांकडे जाऊन सांगा. हो, त्यांच्याशीही बोलायचं. आपल्यातले काही आज भरतीच्या टेबलापलीकडे बसलेत, त्यांना तर आधी सांगा. पहिल्या चाळणीत नाव, आडनाव, पत्ता, गाव झाका. कसोट्या जाहिरातीआधी ठरवा, नंतर नव्हे. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारा. बापाचा धंदा विचारू नका, काम करून दाखवायला सांगा. नाकारलंत तर कारण लिहून ठेवा. यात उपकार नाही, मालकाचाही फायदा आहे. मुंबईच्या गिरण्यांनी धोट्याच्या भोकापायी किती चांगले विणकर गमावले, याचा हिशेब त्यांनी कधीच केला नाही.

त्या पोराला मी काय सांगितलं? “आडनाव लिही” म्हणालो. लगेच वाटलं, हे सांगणं मला सोपं आहे, पेन्शन माझी चालू आहे. मग त्याला माझ्या १९७८ च्या फॉर्मची गोष्ट सांगितली. गेली कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ऐकून तो गप्प बसला. मग पेन घेतलं, आडनाव ठळक लिहिलं. खाली सही करताना मी त्याचा हात धरला आणि छापील मायन्यातला शेवटचा शब्द खोडायला लावला.

“मग काय लिहू?”

“अर्जदार. तेवढंच.”

वहीत त्याचा अर्ज पहिल्या क्रमांकावर नोंदवलाय. बोलावणं आलं का, तो रकाना अजून कोरा आहे. भरला की कळवीन. तोवर तुमच्या तुमच्या विहारात वही सुरू करा.

जयभीम.